गुडघा वाकवायला ताई आली

रत्नागिरीत आमचं घर उतारावर आहे. खाली डांबरी रस्ता, तिथून वर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी आणि पाखाडीच्या टोकाला आम्ही. रिक्षा, गॅसवाला, पाहुण्यांच्या गाड्या, सगळे खालीच थांबतात. लग्न होऊन आल्यापासून मी त्या पायऱ्या चढत-उतरत होते, हातात पिशव्या घेऊन, फोनवर बोलत, ऑफिसला उशीर झाला की पळत. त्यांच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं.

भादव्यातली गोष्ट. पावसाने उघडीप दिली होती आणि पायऱ्यांवरचं शेवाळ वरवर सुकल्यासारखं दिसत होतं. मी ऑफिसला निघाले होते. पाय सरकला आणि सगळं वजन घेऊन मी डाव्या गुडघ्यावर, दगडाच्या कडेवर आपटले. आवाज मला ऐकू आला नाही, शेजारणीला आला. ती परसात कपडे वाळत घालत होती. अजूनही कुणी विचारलं की सांगते, "नारळ फोडल्यासारखा आवाज झाला हो." मी साडी वर करून पाहिलं तर गुडघ्याच्या जागी खळगा होता. वाटीचा एक तुकडा वर सरकला होता, दुसरा खाली.

मला खाली रस्त्यापर्यंत नेलं ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून. वाडीतल्या चौघांनी खुर्ची उचलली. प्रत्येक पायरीला पाय हलत होता आणि मी ओरडत होते. मधे एका वळणावर त्यांनी दम खायला खुर्ची टेकवली. त्यातला एक जण घाम पुसत म्हणाला, "वैनी, आता जरा वजनाकडे लक्ष द्या." बाकीचे हसले. वाईट मनाने नव्हे. पण त्या हसण्याने मला पहिल्यांदा कळलं, की आजपासून माझं शरीर ही सगळ्यांनी बोलायची गोष्ट झाली आहे.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाटीचे तुकडे तारेने बांधले, मांडीपासून घोट्यापर्यंत पट्टा आवळला आणि पुन्हा त्याच खुर्चीतून मला वर घरी पाठवलं. पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं. ते फारसं कठीण नव्हतं. कठीण पुढे होतं. हाड धरायला लागलं तसं डॉक्टर म्हणाले, "आता वाकवायला सुरुवात करा. नाही वाकवलात तर असाच राहील."

व्यायाम शिकवणारी मुलगी एकदाच पाखाडी चढून आली. रोज येणं तिला परवडण्यासारखं नव्हतं आणि मला रोज खुर्चीतून खाली नेणं कुणालाच शक्य नव्हतं. तिने माझ्या नवऱ्याला दाखवलं, पलंगाच्या कडेला बसवायचं, मांडी एका हाताने गादीवर दाबून धरायची, दुसऱ्या हाताने घोटा धरून पाय हळूहळू पलंगाखाली ढकलायचा. "त्या ओरडतील," ती म्हणाली, "पण थांबायचं नाही."

माझा नवरा हायस्कुलात शिकवतो. मुलं त्याला अजिबात घाबरत नाहीत. त्याने एकदा माझा घोटा धरला, मी किंचाळले आणि त्याने तो असा सोडून दिला की जणू गरम तवाच हातात आला होता. तो भिंतीला टेकून खाली बसला. चेहरा पांढरा पडला होता. "मला नाही जमणार गं," तो म्हणाला. संध्याकाळी त्याने देवरूखला फोन लावला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, बोलावून घेतलं.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. लग्न केलं नाही. मुलींच्या वसतिगृहात गृहपाल म्हणून उभा जन्म काढला आणि तिथूनच निवृत्त झाली. मुली तिला मागून हवालदार म्हणायच्या, ते तिला माहीत होतं आणि आवडतही होतं. ती कापडी पिशवी घेऊन पाखाडी चढून आली, चप्पल दारात काढली आणि पाणीसुद्धा न पिता माझ्या पलंगापाशी येऊन उभी राहिली.

"कुठला?" तिने विचारलं.

एका पायाला मांडीपासून खाली पट्टा होता. दुसऱ्याला नव्हता. तरी तिने विचारलं आणि मला बोटाने दाखवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली. नवऱ्याला म्हणाली, "सर, तुम्ही बाहेर जा." ती त्याला कायम सरच म्हणायची. तो गेला. ताईने पट्टा सोडला, माझी मांडी दाबली आणि पाय ढकलला.

ते दुखणं कसं होतं ते सांगायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. जमत नाही. गुडघ्याच्या आत कुणीतरी ओली दोरी पिळतंय आणि ती दोरी म्हणजे मीच, एवढंच सांगता येतं. मी ओरडले, थांब म्हणाले, मग थांब गं ताई, मग पाया पडते ताई. ती थांबली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या टाचेवर होती. टाच जिथपर्यंत पोचली तिथे तिने फरशीवर खडूने रेघ ओढली आणि मगच पाय सोडला.

"उद्या हिच्या पुढे," ती म्हणाली.

रोज तसंच. नवरा त्या वेळी स्कूटर काढून भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचा. शेजारीण आपल्या खिडक्या लावून घ्यायची. मी तोंडात टॉवेलचा बोळा धरायचे, कारण माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता. ताईच्या हातांना मात्र कधी घाई नव्हती आणि कधी दया नव्हती. पीठ मळावं तसे ते हात चालायचे.

आणि सगळं फक्त व्यायामापुरतं नव्हतं. तिने माझ्या उशाशी असलेला पाण्याचा तांब्या उचलून स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. "तहान लागली की उठ." मोबाईलचा चार्जर पलीकडच्या खोलीत नेला. वॉकर धरून मी भिंतीच्या कडेकडेने जायचे, घामाघूम व्हायचे, दोन घोट पाणी प्यायचे आणि परत येईपर्यंत पुन्हा तहान लागायची. एकदा नवऱ्याने गुपचूप पेला आणून दिला. ताईने तो माझ्या हातातून घेतला आणि मोरीत ओतला.

"सर, तुम्हाला ही आयुष्यभर अशीच हवीय का?"

तो बाहेरच्या खोलीत निघून गेला. मला त्या क्षणी दोघांचाही सारखाच संताप आला होता.

बघायला येणाऱ्या बायकांचं वेगळंच. त्या पाखाडी चढून दमून यायच्या, पदराने वारा घ्यायच्या आणि मग माझ्या पायाकडे बघून सुरू करायच्या. "चप्पल कुठली घातली होतीस गो?" "आमच्या जावेचं पण असंच झालं, ती अजून लंगडते." "आता मांडी घालून बसायचं विसर हो बाय." ऑफिसातून एक सहकारी सफरचंदं घेऊन आल्या. जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या टेबलावर नवीन मुलगी बसते सध्या. फार चटपटीत आहे हो. तुम्ही अजिबात काळजी करू नका." मी त्या दिवशी त्यांनी आणलेलं एकही सफरचंद खाल्लं नाही. ताईने सगळी चिरून दारातल्या कुत्र्याला घातली. त्या एका गोष्टीत आमचं एकमत होतं.

एक दिवस असा आला, की टाच कालच्या रेघेपर्यंतसुद्धा पोचेना. गुडघा सुजला होता, रात्री अंगात कणकण होती. ताई जोर करत राहिली. मी बाजूचा स्टीलचा पेला उचलून तिच्या अंगावर फेकला. तो तिच्या खांद्याला लागला आणि खणखणत दाराकडे गेला.

"राक्षसीण आहेस तू," मी म्हणाले. "मला दुखवून तुला बरं वाटतं. वसतिगृहातल्या पोरी बरोबर म्हणायच्या."

तिने पाय सोडला. पेला उचलला, धुतला, माझा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दुपारी ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यात कोलंबी सोलायला बसली. तिच्या बोटांचा वेग तोच होता. सोलता सोलता, मान वर न करता ती बोलायला लागली.

"आई पडली तेव्हा तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तुला माहितीये. डॉक्टरनी सांगितलं होतं, लगेच उभी करा. मी उभी केली. ती रडली. मला हात जोडले गो तिने. स्वतःची आई हात जोडते म्हटल्यावर काय करणार? म्हटलं, बरं, आज राहू दे. मग उद्याही हात जोडले. मग मी तिला हात लावायचंच सोडलं. सगळे म्हणायचे, लेक किती जपते आईला."

तिने कोलंबीच्या पाठीतला काळा धागा ओढून काढला.

"पाठीला जखमा झाल्या तिच्या. हाडापर्यंत. तो वास अजून येतो मला. तू तेव्हा इथे होतीस, नवीन नोकरी, रजा नव्हती. शेवटी आलीस तेव्हा मी तिला धुऊन पुसून ठेवली होती, तुला काही दिसलं नाही."

तिने पुढची कोलंबी उचलली.

"मी चांगली होते ना, म्हणून ती मेली," ताई म्हणाली. "तुझ्याशी मला चांगलं नाही वागायचं. तुला काय म्हणायचं ते म्हण."

मला रडू आलं. वाटलं, आता काहीतरी बदलेल. पण समजून घेतल्याने गुडघा दुखायचा थांबत नाही. दुसऱ्या सकाळी तिने पाय ढकलला आणि मी तितक्याच जोराने ओरडले. इतकंच झालं, की आता मला तिला शिव्याही देता येईनात. शिव्या देणं हा माझा एकच आधार होता, तोही तिने काढून घेतला होता.

डॉक्टरांकडे तपासणीला जायचं म्हणजे पुन्हा खुर्ची, पुन्हा चार माणसं, पुन्हा तेच विनोद. डॉक्टरांनी गुडघा हातात घेऊन वाकवून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? एवढ्या दिवसांत एवढंच?"

ताई म्हणाली, "रोज करतो आम्ही. ती ओरडते."

"ओरडू दे. ओरडण्याला घाबरलात तर पाय असाच राहणार. पुढच्या वेळी येताना काटकोनात आला पाहिजे, नाहीतर भूल देऊन मला वाकवावा लागेल."

ताई मान हलवून ऐकत होती, पाठ करत असल्यासारखी. परत येताना रिक्षात मी तिच्या हातांकडे बघत होते. मांडीवर ठेवलेल्या पिशवीचे बंद तिने मुठीत घट्ट आवळून धरले होते. मला भीती वाटली. पण मी काही म्हटलं नाही, कारण मलाही तो काटकोन हवा होता.

त्यानंतर चार-सहा दिवसांतच झालं. सकाळची वेळ, बाहेर स्वच्छ ऊन. तिने मांडी दाबली, घोटा धरला. मला जाणवलं की आजचं दुखणं नेहमीच्या जागी नाही. ते वाटीच्या बरोबर मधे, सुईच्या टोकाएवढं होतं.

"ताई, थांब. आज काहीतरी वेगळं दुखतंय."

"रोज वेगळंच दुखतं तुझं."

"खरंच सांगते. थांब."

ती थांबली नाही. तिने श्वास घेतला, खांदा पुढे टाकला आणि ढकललं. आतून तुटल्यासारखा आवाज आला, तार तुटते तसा, आणि माझा पाय एकदम, कसलाही विरोध न करता, पलंगाखाली गेला. टाच सगळ्या रेघा ओलांडून पलीकडे पोचली.

ताईने वर बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. ती हसत होती. लहान मुलीसारखी हसत होती.

"गेला!" ती म्हणाली. "बघ गो, गेला! वाकला!"

मी फक्त बोटाने गुडघ्याकडे दाखवलं. तिथे पुन्हा खळगा पडला होता. ताईचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच तिच्या तोंडावर राहिलं, काढायचं विसरल्यासारखं, आणि त्याच्या मागून हळूहळू तिला कळत गेलं. बाकी पुष्कळ गोष्टी मी विसरेन. तो चेहरा विसरणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे प्रकाशासमोर धरला. तार तुटली होती, वाटीचे तुकडे पहिल्यापेक्षा लांब गेले होते आणि खालच्याचा चुरा झाला होता.

"कोणी केलं हे?"

"मी," ताई म्हणाली.

"असं रानटीपणाने वाकवतात का? माणसाचा पाय आहे, खुंटा नाही."

बाहेर बाकावर बसलेले सगळे ऐकत होते. ताई उभी होती, हात दोन्ही बाजूला सोडून. तुम्हीच सांगितलं होतंत, असं ती म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही. मी दुखण्याने अर्धी बेशुद्ध होते, हे खरं. पण शुद्धीत असते तरी म्हटलं असतं की नाही, सांगता येत नाही. त्या वेळी मला ते बोलणं ऐकून थोडं बरं वाटलं होतं.

दुसरं ऑपरेशन झालं. मी शुद्धीवर आले तेव्हा ताई खोलीत नव्हती. नवरा होता. मी विचारल्यावर म्हणाला, "देवरूखला गेली." दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं. ऑपरेशन चालू असताना ती बाहेर बसली होती, तेव्हा तो तिला म्हणाला होता, "ताई, आता तुम्ही गेलात तरी चालेल." एवढंच. कधी कुणावर आवाज न चढवणारा माणूस तो. तिने पिशवी उचलली आणि एसटी स्टँडवर गेली.

"चुकलं का माझं?" त्याने विचारलं.

मी डोळे मिटून घेतले.

या खेपेला पट्टा जास्त दिवस राहिला. निघाला तेव्हा आत माझा पाय नव्हता. मांडी वाळून काठी झाली होती आणि गुडघा लाकडासारखा. डॉक्टर म्हणाले, "आता या गुडघ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पण वाकवत राहा, सांभाळून." त्यांनी 'सांभाळून' हा शब्द दोनदा उच्चारला.

मग नवरा वाकवायला लागला. तो खोबरेल तेल कोमट करून आणायचा, पाय मांडीवर घ्यायचा आणि चोळत बसायचा. "दुखतंय का?" मी होय म्हटलं की हात काढून घ्यायचा. "थांबू?" मी थांब म्हणायचे. कोण थांबू नको म्हणेल? तो थांबायचा, पायावर चादर ओढायचा, चहा करून आणायचा. पाण्याचा तांब्या पुन्हा माझ्या उशाशी आला होता. महिना गेला, गुडघा तसूभरही हलला नाही. मला त्याच्या त्या मऊ हातांचा तिटकारा यायला लागला. तो 'दुखतंय का' म्हणाला की वाटायचं, दारातून हाकलून द्यावं याला. त्याने मला काहीच त्रास दिला नव्हता आणि मी दिवसेंदिवस लाकूड होत चालले होते.

एका दुपारी तो शाळेत असताना मी ताईला फोन केला.

"ये," मी म्हणाले. "वाकवायचा राहिलाय."

तिकडे मागे कुणाच्या तरी घरातला कुकर वाजत होता.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पण आठवडा उलटला आणि ती आली. न सांगता, तीच पिशवी घेऊन. नवऱ्याने दार उघडलं, बाजूला झाला. ती सरळ आत आली. तिचे केस पार पांढरे झाले होते. आधी ती रंगवायची की काय कोण जाणे, मला कधी कळलं नव्हतं.

ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. मांडीवर हात ठेवला, दुसरा हात घोट्याला लावला. मी टॉवेल तोंडात धरला आणि डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तर घोट्याभोवती बोटं होती, पण त्यांत जोर नव्हता. एखाद्या तान्ह्या मुलाचा पाय धरावा तशी ती धरून बसली होती.

"दाब की," मी म्हणाले.

तिने थोडं ढकललं. माझा श्वास जरासा अडखळला आणि तिने लगेच हात काढले.

"दाब गं! तेव्हा बरा जोर होता!"

ती उठली. स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि पुष्कळ वेळ तो चालूच राहिला.

मी पलंगाच्या कडेला बसून होते. समोर रिकामं स्टूल. मला एकदम स्पष्ट कळलं की आता कुणी येणार नाही. कठोर हात होते, ते संपले. मऊ हात होते, त्यांचा उपयोग नव्हता. मग मी माझा उजवा पाय उचलला, डाव्या घोट्यावर आडवा टाकला आणि स्वतःच मागे रेटला. व्यायाम शिकवणाऱ्या त्या मुलीने हेही दाखवलं होतं, पण तेव्हा ते कुणी लक्षात ठेवलं नव्हतं. मी ओरडले. पाय सोडून दिला. पुन्हा रेटला.

स्वतःला दुखवणं हे दुसऱ्याकडून दुखवून घेण्यापेक्षा वाईट असतं. दुसऱ्याला थांब म्हणता येतं, तो थांबला नाही तर शिव्या देता येतात. इथे ओरडणारी मी आणि न ऐकणारीही मीच. कधी मी स्वतःलाच ताईच्या आवाजात सांगायचे, रोज वेगळंच दुखतं तुझं. आणि त्याच वेळी कान आतल्या आवाजाकडे लागलेले असायचे, तार तुटते की काय म्हणून. किती रेटायचं आणि कुठे थांबायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही. काही दिवस मी फार लवकर थांबले. काही दिवस इतकं रेटलं की गुडघा सुजून पुढचे दोन दिवस फुकट गेले.

ताई राहिली. स्वयंपाक करायची, मला न्हाऊ घालायची. मी व्यायामाला बसले की ती खोलीच्या उंबऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसायची. मी तिला म्हणायचे, आत जा, ऐकू नकोस. ती जायची नाही. मी ओरडले की तिचे खांदे वर उचलले जायचे, कुणी मागून फटका मारल्यासारखे. तिला ते ऐकायचंच होतं. आणि खरं सांगायचं तर तिने ते ऐकावं, असं मलाही वाटायचं. कधी कधी मी गरजेपेक्षा थोडं मोठ्यानेच ओरडले असेन.

गुडघा काटकोनाच्या जरा अलीकडे येऊन थांबला. तिथून पुढे तो गेला नाही. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, गुडघा दाबून बघितला आणि म्हणाले, "चला, खुर्चीवर बसण्यापुरता आला. समाधान माना." तिसऱ्यांदा हात लावायची त्यांची तयारी नव्हती. माझीही नव्हती.

पाखाडी उतरायला मी स्वतः शिकले. एका बाजूला कठडा नाही, तिथे मी सुरुवातीला बसून, एकेक पायरी खाली घसरत उतरायचे. शाळेला निघालेली पोरं बघून हसायची आणि बाजूने उड्या मारत पुढे जायची. मग काठी घेऊन, चांगला पाय वर ठेवून आणि वाईट पाय आधी खाली टाकून उतरता यायला लागलं. ऑफिसात माझं टेबल परत मिळालं नाही, दुसरं मिळालं, तळमजल्यावरचं, आवकजावकचं. ती चटपटीत मुलगी मला मावशी म्हणते. घरात कमोड बसवला. विहारात वंदनेला सगळे खाली बसतात, मी मागे भिंतीशी म्हाताऱ्यांच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. पंचशील म्हणताना पहिल्यासारखंच म्हणते, फक्त आता बुद्धमूर्ती समोरच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसते.

ताई मी ऑफिसला जायला लागेपर्यंत थांबली आणि मग देवरूखला गेली. जाताना नवरा तिला स्टँडवर सोडायला गेला होता. काय बोलले ते दोघं, मला माहीत नाही. तिने जाताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, लगेच उचलला आणि म्हणाली, "तेल लावत जा."

आता ती दर दोन-तीन महिन्यांनी येते. कुणी ना कुणी बघायला येतंच, वाडीतलं, ऑफिसातलं, आणि माझ्या चालण्याकडे बघून विचारतं, एवढं कसं काय झालं? मी पाखाडीवरून पडले असं सांगायला तोंड उघडते, त्याआधीच ताई बोलते.

"पडली ती पडली. पण पाय तिचा मीच मोडला."

ती हे सरळ सांगते, बाजारात बांगडे महाग झाले असं सांगावं तसं. ऐकणारा गोंधळतो, हसावं की काय करावं त्याला कळत नाही. ताई त्याच्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. मी काहीतरी म्हणावं म्हणून ती क्षणभर थांबते. डॉक्टरांनीच ओरडू दे म्हटलं होतं, किंवा तिने केलं नसतं तर आज एवढाही वाकला नसता, किंवा मलाही तो काटकोन हवा होता, असं काहीही. मला ही सगळी वाक्यं माहीत आहेत. त्यांतलं एकही खोटं नाही.

मी पाहुण्याला विचारते, चहात साखर किती, आणि टेबलाला धरून उठते.